मागीलदारी झोपाळा-घसरगुंडी: खोका उघडण्याआधी आणि नंतर

मुलांसाठी मागवलेला झोपाळा-घसरगुंडीचा सेट जोडणं तसं अवघड नाही. सोबत चित्रांचं पुस्तक येतं, एखादा पाना येतो आणि दोन मोठी माणसं हाताशी असली की सुट्टीच्या एका दिवसात सांगाडा उभा राहतो. अडचण असते ती त्या पुस्तकाने गृहीत धरलेल्या जागेची. त्यात सपाट हिरवळ असते, मऊ माती असते आणि वर मोकळं आभाळ. आपल्याकडे मागीलदारी उतार, फूटभर खणलं की चिरा (जांभा दगड), डोक्यावर माड आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापासून चार महिने कोसळणारा पाऊस. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर! त्यामुळे गोव्यात हे काम करताना पुस्तकाला हात लावायच्या आधीच निम्मी मेहनत होऊन जायला हवी.

वेळ निवडायची तर दिवाळीनंतरची. जमीन अजून थोडी ओली असते, म्हणून खणायला सोपी जाते. काँक्रीट सुकायला हवा बरी असते आणि पुढचे सहा-सात महिने मुलांना मनसोक्त खेळता येतं. गणेशचवथीला पाव्हणे येणार म्हणून घाईघाईने भर पावसात खड्डे काढायला घेऊ नका. खड्ड्यात पाणी भरेल आणि गवंडीही तुम्हाला नावं ठेवील.

जागा मापणं

झोपाळ्याला किती जागा लागते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, कारण आपण सांगाड्याचं माप बघतो, झोके घेणाऱ्या मुलाचं बघत नाही. हिशेब असा: झोपाळा ज्या आडव्या पाइपला टांगतात त्याची जमिनीपासूनची उंची घ्या आणि दुप्पट करा. तेवढी जागा पुढे मोकळी हवी आणि तेवढीच मागे. पाइप ७ फुटांवर असेल तर १४ पुढे, १४ मागे, म्हणजे सरळ २८ फूट. दोन्ही बाजूंना ६-६ फूट, घसरगुंडीच्या तोंडाशीही किमान ६ फूट. या पट्ट्यात भिंत, पायरी, कपडे वाळत घालायची तार, उभी केलेली स्कूटर, काही म्हणजे काही नको. तुळशीवृंदावनही नको, ते पुढल्या अंगणात असतं, पण पुढेच जागा मोठी आहे म्हणून तिथे सेट लावायचा विचार असेल तर घरातल्या आजीशी आधी बोलून घ्या. ती नाही म्हणेल, आणि तिचं बरोबर असेल.

जमिनीवर चुन्याने आखून बघा. टेप हातात धरून बोलणं वेगळं आणि पांढरी रेघ डोळ्यांसमोर दिसणं वेगळं. नव्या प्लॉटवरच्या घरांमागे २८ फूट सहसा मिळत नाहीत. मग मोठा सेट कोंबून बसवण्यापेक्षा बुटका घ्यावा. पाइप साडेपाच फुटांवर असला तर २२ फुटांत भागतं, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्या उंचीवर काहीच कमी वाटत नाही. अगदी लहान मुलांच्या, चारी बाजूंनी बंद बकेट झोपाळ्याला आणखी कमी जागा लागते: तिथे पाइपपासून बैठकीपर्यंतचं अंतर दुप्पट करायचं.

आता वर बघा. माडाची झावळ १५ ते २० फूट लांब असते आणि सुकली की ती सांगून पडत नाही. असोला नारळ तर काय, किलो-दीड किलोचा धोंडाच. नारळ काढणारा पाडेली नियमित येतो म्हणून निर्धास्त राहू नका. हल्ली पाडेली मिळणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. माड ज्या बाजूला कललाय ती बाजू पूर्ण सोडा, इतर बाजूंनी २० फूट तरी अंतर ठेवा. फणसाखालीही नको. आंब्याची सावली छान, पण फांद्यांवर पानं शिवून केलेली हुमल्यांची घरटी आहेत का ते बघा. ते लाल मुंगळे पाइपवरून खाली उतरले की झोपाळ्यावर कोणी बसत नाही. वीजखात्याच्या खांबावरून घरात येणारी तार त्या पट्ट्यावरून जात असेल तर जागाच बदला.

मग खाली. सोकपिट (सांडपाणी जिरवायचा खड्डा) आणि सेप्टिक टँकची झाकणं कुठे आहेत, नळाची पाइपलाइन कुठून जाते, हे घर बांधलं तेव्हाच्या माणसाला विचारून घ्या. मागे विहीर असेल तर कठडा कितीही उंच असला तरी वर लोखंडी जाळी बसवल्याशिवाय हे काम सुरूच करू नये. खेळायला येणारी मुलं फक्त तुमची नसतात.

दिशेचं एक लक्षात ठेवा: घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडे. पश्चिमेकडे केलंत तर एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला प्लॅस्टिकसुद्धा चटका देतं, पत्र्याची तर विचारूच नका.

कुठला सेट घ्यावा

खोक्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ती तुमच्या दोन मुलांसाठी पुरते. पण वाड्यावर, म्हणजे आपल्या वस्तीत, झोपाळा आला ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे जाते आणि रविवारी आठ-दहा पोरं एकदम लटकलेली असतात, त्यातली दोन-तीन चांगली बारा-तेरा वर्षांची. म्हणून मर्यादेच्या काठावरचा सेट घेऊ नका. चवथीत तर थोरले काकासुद्धा एकदा बसून बघतातच.

साहित्यात तीन पर्याय असतात. पातळ रंगवलेल्या पाइपचे सेट स्वस्त असतात. समुद्रापासून आत, साखळी, वाळपई या गावांकडे, ते बऱ्यापैकी टिकतात. मोरजी किंवा कोलव्यासारख्या किनारपट्टीवर खारी हवा त्यांना लवकर खाते. लाकडी सेट दिसायला सुंदर, पण आपल्याकडे वाळवी आणि पाऊस दोघंही टपलेले. सागवानाचा गाभा टिकतो; आंब्याचं लाकूड उघड्यावर टिकत नाही. जुने लाकडी सेट कोणी फुकट देत असेल तर जरा जपून. पूर्वी लाकूड टिकवायला आर्सेनिक असलेलं रसायन वापरायचे. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद झालं.

तिसरा पर्याय मला सगळ्यांत पटतो: घसरगुंडी, बैठका, साखळ्या विकत घ्यायच्या आणि सांगाडा जवळच्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यायचा. दोन इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, मीडियम जाडीचा. पाइपवर रंगाचा पट्टा असतो, तो दुकानातच बघून घ्या: पिवळा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. निळा घ्या. वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून प्रत्येक जोडावर घासून झिंकचा रंग दोन हात मारून घ्यायला सांगा. हे सांगितलं नाही तर करत नाहीत. पाइपची वरची तोंडं टोप्यांनी बंद करून घ्या, नाहीतर आत पाणी साठतं किंवा गांधीलमाश्या घर करतात.

जमीन सारखी करणं

उतार असेल तर वरची बाजू कापून सपाटी काढा. खालच्या बाजूला भर घालून सपाटी केली तर पहिल्याच पावसात ती भर दबते आणि सांगाडा एका पायावर लंगडतो. उतार फारच असेल तर खालच्या अंगाला चिऱ्याचा बांध घालावा लागतो, पण तो खेळाच्या पट्ट्याच्या पूर्ण बाहेर. चिऱ्याच्या कोपऱ्यावर गुडघा फुटला की काय होतं ते इथे वाढलेल्या कोणालाही सांगायला नको.

सपाटी बघायला दोन फुटी लेव्हल पुरत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्या, चारी खुंट्यांवर खूण करा. मग सांगाड्याच्या चार पायांच्या जागा दोरीने आखा आणि दोन्ही कर्ण मापा. कर्ण सारखे आले तर चौकोन काटकोनात आहे. अर्ध्या इंचाचा फरक असला तरी आत्ताच सुधारा, नंतर बोल्टची भोकं जुळत नाहीत.

जोडणी

खोका घराच्या पडवीत उघडा, मातीत नाही. सगळे भाग यादीप्रमाणे मोजून चादरीवर मांडा. बोल्ट लांबीप्रमाणे वेगळे करा: ६० आणि ७० मिलिमीटरचे बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, पण चुकीच्या जागी लांब बोल्ट गेला की त्याचं टोक बाहेर राहतं आणि मुलाचं फ्रॉक किंवा मांडी तिथे अडकते. एखादा भाग कमी असेल तर तेव्हाच विक्रेत्याला कळवा. सगळं उभं केल्यावर कोणी ऐकून घेत नाही.

खोक्यातले पिवळट चमक असलेले बोल्ट किनाऱ्याजवळ एका पावसाचे सोबती. हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचे स्टेनलेस घ्या. ३०४ ग्रेडचे चालतात, समुद्र अगदी जवळ असेल तर ३१६ मागा. नट मात्र आत नायलॉनचं कडं असलेले, नायलॉक म्हणतात ते. झोक्याच्या हिसक्यांनी साधा नट हळूहळू सैल होतो. लाकडावर बसणाऱ्या प्रत्येक नटाखाली रुंद वायसर हवाच.

आता क्रम. आधी दोन्ही बाजूंचे पाय, म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखे सांगाडे, जमिनीवर आडवे ठेवून जोडा. मग आडवा पाइप. सगळे नट फक्त हाताने फिरवून बसतील इतकेच घट्ट करा. पूर्ण सांगाडा उभा होऊन लेव्हलमध्ये येईपर्यंत पान्याला हात लावू नका. नवख्या माणसाचा हात इथेच शिवशिवतो: पहिला जोड झाला की तो पक्का आवळावासा वाटतो. तो आवळला की दुसऱ्या टोकाचं भोक दोन सूत (पाव इंच) बाजूला जातं, मग माणूस हातोडी आणतो नाहीतर ड्रिलने भोक मोठं करतो. भोक मोठं केलं की तो जोड आयुष्यभर खटखटतो. भोक जुळत नसेल तर बाकीचे चार नट आणखी सैल करा, पाइप थोडा फिरवा, जुळतं.

शेवटचं आवळणं हातानेच करा. ८ मिलिमीटरच्या बोल्टला १३ चा पाना आणि १० च्या बोल्टला बहुधा १७ चा. एक धरायला, एक फिरवायला, म्हणून प्रत्येकी दोन हवेत. ड्रिल मशीनने आवळलं तर पाइप चेपतो किंवा वायसर लाकडात घुसतो. नटाच्या बाहेर बोल्टचे दोनाहून जास्त आटे दिसता कामा नयेत. दिसत असतील तर कापून, कानस मारून, प्लॅस्टिकची टोपी बसवा.

सांगाडा उभा करायला चार माणसं बोलवा आणि मुलांना तेवढा वेळ मावशीकडे पाठवून द्या.

पाया

सेटबरोबर जमिनीत ठोकायच्या किंवा पिळायच्या लोखंडी खुंट्या येतात. त्या बाजूला ठेवा. आपल्या चिऱ्यात त्या शिरत नाहीत, आणि तांबड्या मातीत शिरल्या तरी जुलैत ती माती लोण्यासारखी होते आणि खुंटी हाताने उपटून येते. काँक्रीटला पर्याय नाही.

प्रत्येक पायाखाली एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा. वरची माती कुदळीने निघेल, खाली टिकाव आणि पहार लागेल. मध्येच अखंड चिरा लागला तर तोच फोडून खोली पूर्ण करा. चिऱ्यातच थेट एक्स्पान्शन बोल्ट ठोकायचा शॉर्टकट कोणी सुचवील. चिरा छिद्राळ असतो, त्यात बोल्टची पकड राहत नाही. जमिनीत जाणाऱ्या पाइपच्या भागाला, आणि वर चार बोटांपर्यंत, डांबरी रंग लावा. पाइप गंजतो तो बहुतेक वेळा माती आणि हवा जिथे भेटतात त्याच रेषेवर.

सांगाडा खड्ड्यांत उतरवून लाकडी टेकू द्या, लेव्हल आणि ओळंबा पुन्हा बघा आणि मगच काँक्रीट भरा: एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी. चार खड्ड्यांना सिमेंटची एक गोण थोडी कमी पडते, म्हणून दोन आणून ठेवा. काँक्रीटचा माथा जमिनीच्या खाली दोन-तीन इंच राहू दे आणि पाइपपासून बाहेर उतरता कर, असं गवंड्याला सांगा. तो सवयीने वर चौथरा करून गुळगुळीत घोटून देतो, आणि नेमकं त्याच चौथऱ्यावर पोर पडतं. सात दिवस ओलं गोणपाट घालून पाणी मारायचं. तोवर बैठका आणि साखळ्या घरात, कपाटात, कुलपात. उघड्यावर ठेवल्यात तर तिसऱ्या दिवशी टांगलेल्या दिसतील.

पडलं तर कशावर पडणार?

या सगळ्या कामात सर्वांत जास्त टाळाटाळ इथे होते. पेव्हर, काँक्रीट आणि चोपलेली माती तर नाहीच, पण हिरवळही पुरेशी नसते. पायाखाली रोज घासून ती एका महिन्यात टणक होते. किमान ९ इंच जाडीचा भुसभुशीत थर हवा, आणि तो दबतो म्हणून सुरुवातीला फूटभर घालावा.

वाळूचा ९ इंचांचा थर ४ फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरतो, असं सुरक्षिततेच्या मानकांत धरतात. म्हणून घसरगुंडीचा वरचा ओटा ४ फुटांपेक्षा उंच नसलेला बरा. झोपाळ्याखाली मात्र पडण्याची उंची आडव्या पाइपची धरतात, तिथे वाळू कमी पडते. तिथे सॉ मिलमधून लाकडाचे तुकडे आणा. भुसा नको, तो भिजून लगदा होतो. तेवढ्याच जाडीत तुकडे ७ फुटांपर्यंत चालतात. पावसाळ्यात ते कुजतात, दर दिवाळीला भर घालावी लागते, आणि वाळवी येऊ नये म्हणून लाकडी सांगाड्याच्या पायांपासून ते दूर ठेवावे लागतात. कटकट आहे खरी. ती नको असेल तर रबराच्या जाड लाद्या मिळतात, महाग पडतात. घेताना किती फुटांच्या पडण्यासाठी त्या तपासलेल्या आहेत ते लेखी मागा.

खर्चाचा अंदाज खोका घेण्याआधीच करा. २८ बाय २० फुटांत ९ इंच थर म्हणजे ४२० घनफूट, जवळजवळ १२ घनमीटर. अख्खा टिपर! २२ फुटांच्या बुटक्या सेटला ९ घनमीटरच्या आसपास लागतं. बुटका सेट घ्या असं वर म्हटलं त्याचं हेही एक कारण.

समुद्रावरची वाळू भरून आणायचा विचार मनात येईल. नको. किनाऱ्यावरची वाळू उचलणं कायद्यात बसत नाही, आणि तिच्यातलं मीठ तुमच्या पाइपला आणि साखळीला खाईल. थराखाली बारीक खडी, तिच्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइलचं कापड आणि उताराच्या बाजूला पाणी काढून देणारा चर एवढं केलंत तर पावसात त्याचं तळं होत नाही. रात्री वाळूवर ताडपत्री ओढा, नाहीतर आळीतली मांजरं तिचा भलताच उपयोग करतात.

मुलं चढण्याआधी

एका मोठ्या माणसाने सांगाडा धरून जोरात पुढेमागे हलवावा. एक पाय जरी जागचा हलला तर पाया पुन्हा बघा. साखळीच्या एस आकाराच्या कड्या पक्कडीने पूर्ण मिटवा. फटीत नाणं शिरता कामा नये. सार्वजनिक बागांत दोन झोपाळ्यांत २ फूट आणि झोपाळा ते खांब अडीच फूट अंतर धरतात, तेच घरीही धरा. बैठक जमिनीपासून एक फुटाच्या वर. कठड्याच्या पट्ट्यांमधल्या, शिडीच्या पायऱ्यांमधल्या फटी मापा: साडेतीन इंचांहून कमी चालतील, नऊ इंचांहून जास्त चालतील, मधलं माप नको. त्या फटीतून मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं.

आणि गळ्यातलं. सोन्याची साखळी, ताईताचा काळा दोरा, हूडची नाडी घसरगुंडीवर चढण्याआधी निघालीच पाहिजे. ताईत काढायला घरचे तयार नसतील तर दंडाला बांधावा.

टायरचा झोपाळा लावणार असाल तर तळाला चार-पाच भोकं पाडा. टायरमध्ये वाटीभर पाणी राहिलं तरी डेंग्यूच्या डासांना तेवढं पुरतं. आंब्याच्या जाड फांदीला झोपाळा टांगायला हरकत नाही. शेवग्याची फांदी कितीही सरळ दिसली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका.

पावसाळ्यात

मेअखेरीस बैठका, साखळ्या आणि दोऱ्या काढून गोड्या पाण्याने धुवून, वाळवून आत ठेवा. प्लॅस्टिक चढवलेल्या साखळीचं आवरण कुठे फुगलंय का ते दाबून बघा; आत गंज असेल तर कडी बदला. सांगाडा बाहेरच राहणार. त्याच्या पायाशी पाणी साचत नाही ना, एवढं पहिल्या मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन बघून या.

दिवाळीनंतर पुन्हा जोडताना पायऱ्यांवरचं शेवाळ ताठ ब्रशने घासून काढा, ओट्याखाली गांधीलमाश्यांचं पोळं आहे का ते काठीने लांबूनच तपासा, प्रत्येक नट पान्याने एकदा आवळून बघा आणि गंजाचा ठिपका दिसेल तिथे घासून झिंकचा रंग लावा. उरलेले नट-बोल्ट आणि चित्रांचं पुस्तक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीजवळ टांगून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी १३ चा पाना शोधत घरभर फिरावं लागणार नाही.